बॉबिनला हाक मारा

लिंबायतच्या त्या गल्लीत निंबानानांच्या दारावर कुणी थाप मारली की समजावं, माणूस नवखा आहे. ओळखीचे लोक थाप मारत नसत, कुत्र्याला हाक मारत. "बॉबिन!" अशी आरोळी गेली की आत बॉबिन उठायचा आणि नानांच्या लुंगीचं टोक दातांत धरून त्यांना दारापर्यंत ओढत आणायचा. एकदा नुसती लुंगीच आली आणि नाना मागाहून आले. तो किस्सा शेजारची सखुबाई पदर तोंडाला लावून अजून सांगते.

नानांचे कान लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, गेले. पारोळ्याकडून तरणेपणी सुरतेला आले आणि सारी उमर मागांच्या खडखडाटात काढली. बायको भागीरथी गेली त्या दिवशी रडणाऱ्या बायांची नुसती उघडी तोंडं त्यांना दिसली. त्यानंतर खात्याच्या दाराशी सुताच्या गुंत्यात लोळणारं एक पिल्लू त्यांनी खिशात घालून आणलं, तोच हा बॉबिन. प्लेगच्या साली सगळी गल्ली गावाकडे पळाली, तेव्हा हे दोघं मात्र इथेच राहिले. गाडीत कुत्रं घेत नव्हते, आणि नाना त्याच्याशिवाय चढत नव्हते.

मुलगा भूपेंद्र बायको चंचलला घेऊन इच्छापोरला, कंत्राटी कामावर. त्याने एकदा हातवारे करकरून समजावलं होतं, "नाना, चला आमच्याकडे. फक्त हे कुत्रं नको. चंचल ऐकत नाही."

"मग मी बी नको," म्हणून नाना मोकळे. त्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं. तसंही त्या घरात फारसं बोलणं नव्हतंच म्हणा.

पुढे बॉबिनचं तोंड पांढरं झालं. हाक मारली तरी दार उघडेना. दूधवाला दोन हाका मारून पुढे जाऊ लागला. गल्लीने ठरवून टाकलं, म्हातारा हल्ली झोपतो फार. सखुबाईला मात्र शंका आली. तिने आत येऊन आधी कुत्र्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानांवर हात ठेवले.

नाना हसले. "लबाड आहे तो. आळस करतो."

पण ती गेल्यावर त्यांनी पितळी थाळी उचलली आणि झोपलेल्या बॉबिनच्या मागे फरशीवर आपटली. बॉबिनचा कान हलला नाही. पण थाळी वाजली की नाही, हे नानांना तरी कुठे कळणार? तेवढ्यात सखुबाई पिठाच्या हातांनी धावत आली, "काय पडलं हो नाना?" तिचं तोंड बघून त्यांना कळलं. थाळी चांगलीच वाजली होती.

"कोणाला सांगू नको," नाना तिला म्हणाले. "चंचलला कळलं तर म्हणेल, बहिरं कुत्रं सांभाळू का आता?"

सखुबाईच्या पोटात आजवर एक गोष्ट टिकली नव्हती. ही मात्र टिकली. तिचा नवराही सांगतो, मला पत्ता नव्हता.

आणि मग भूपेंद्रचा निरोप आला, नाक्यावरच्या हेमराज किराणावाल्याकडे: आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला येतो, नानांना कुत्र्यासकट घेऊन जातो. चंचल कबूल झाली होती. हेमराजने हे सांगायला भर रस्त्यात कुत्र्यासारखं चार पायांवर चालून दाखवलं, तेव्हा नानांना उमगलं. त्यांनी कपड्यांचं गाठोडं बांधलं. बॉबिनला दोनदा आंघोळ घातली.

आखाजीच्या दिवशी ते सकाळपासून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसले. सखुबाईने खापरावरच्या पुरणपोळ्या आणून दिल्या. कुणी आलं नाही. आली ती एक गाय, आणि नानांचा डोळा लागलेला पाहून निम्म्या पोळ्या खाऊन गेली.

भूपेंद्रला सणाची सुट्टी मिळाली नव्हती. तो दुसऱ्या दिवशी भर दुपारी चंचलला घेऊन आला. सखुबाई लेकीकडे कामरेजला गेलेली. आणि गायीच्या भीतीने आज नानांनी आतून कडी घातलेली.

"बॉबिन! अरे बॉबिन!" भूपेंद्रने हाका मारमारून घसा बसवला. दाराच्या फटीतून त्याला बॉबिन दिसत होता. पाठमोरा, शेपटी हळूच हलवणारा.

हेमराज दुकानातून ओरडला, "घरातच शे तुना बाप! सकाळीच तंबाखू लई गया."

"बघा," चंचल म्हणाली, "कुत्रं जागं आहे. त्यालाही पढवून ठेवलंय. काल आलो नाही, त्याचा राग."

भूपेंद्रने फटीला तोंड लावलं. "नाना, मी उनू व्हतू, ध्यानात ठेवा!" आलो होतो, एवढं बहिऱ्या बापाला बजावून दोघं गेले.

हे सगळं हेमराजने संध्याकाळी हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या सकाळी नाना इच्छापोरला गेले. खोलीला कुलूप. कंत्राट संपलं होतं, म्हणून तर आखाजीनंतर नानांना घेऊन बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं. शेजारणीने गुजरातीत कुठलंसं गाव सांगितलं, दोनदा, तीनदा, हात लांब करून दाखवलं. लांब आहे, एवढंच नानांना कळलं.

तेव्हापासून त्यांनी दार लावणं सोडलं. दिवसा, रात्री, उघडंच. भूपेंद्र परत आला तर हाक मारायचं काम पडू नये म्हणून.

बॉबिन त्याच दारातून एका दुपारी बाहेर पडला आणि रस्त्याच्या मधोमध उन्हात बसला. साड्यांचे गठ्ठे भरलेला टेम्पो मागे येत होता, हॉर्न दाबत. सगळी गल्ली नाव घेऊन ओरडत होती. सखुबाईही ओरडली, आणि मधेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

नानांनी त्याला खाडीच्या काठी पुरलं. घरी येऊन आतून कडी लावली.

आता सखुबाई रोज भाकरीचं ताट खिडकीतून आत सारते. संध्याकाळी ताट रिकामं दिसलं की तिला कळतं, नाना आहेत.