लव्हॉन कुचेरा फोन ठेवत नाही

निवडणुकीच्या वर्षी न्यू पिसेकमधला शहाणा माणूस फोन उचलत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पक्षाचा उमेदवार निवडायची बैठक, म्हणजे कॉकस, देशात सगळ्यांत आधी आमच्या आयोवात, त्यामुळे अध्यक्ष व्हायची खाज सुटलेला प्रत्येक जण आधी आमच्याच उरावर येऊन बसतो, आणि त्याच्या शेपटाला धरून ते जनमत चाचणीवाले. न्याहारीला फोन, जेवताना फोन, डुकरांना खायला घालून आत आलं की फोन. शेवटी सगळ्या गावाने कानाला खडा लावला. फोन उचलायचा, ‘हॅलो’ म्हणायचं, पलीकडून लगेच आवाज आला नाही की ते यंत्र आहे असं समजायचं आणि रिसिव्हर आपटायचा. यंत्राला जागं व्हायला एखाद-दोन श्वास लागतात, तेवढ्यात आपण सुटतो.

लव्हॉन कुचेरा मात्र सुटत नव्हती, कारण तिच्या जोलीनचा फोनही तसाच यायचा. जोलीन तिकडे इराकमध्ये सैन्यासाठी सामानाचे ट्रक चालवत होती. फोन जोडला जायचा, मग नुसती शांतता, आणि मग कुठूनतरी खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज, “आई, मी बोलतेय.” तो कधी येईल, कुठल्या नंबरवरून येईल, काही नेम नाही. त्यामुळे लव्हॉन प्रत्येक फोन उचलायची आणि प्रत्येक शांतता शेवटपर्यंत ऐकायची. दहातल्या नऊ वेळा त्या शांततेतून कोणीतरी उमेदवार उगवायचा. मग तिचं डोकं जे फिरायचं ते संध्याकाळपर्यंत जागेवर यायचं नाही.

बाई मुळात गरम डोक्याची. सारा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. आज गावात पोट सुटलेले जे जे पुरुष दिसतात, त्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी “ताटातले वाटाणे संपव, मग ऊठ” म्हणून दटावलेलं आहे. तिच्या हातचे कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, खायला माणसं वाकडी वाट करून यायची, आणि तिच्या हातचा डाव पाठीत बसू नये म्हणून तीच माणसं लांबून वळसाही घालायची.

चाचणीवाल्यांना यातलं काय माहीत असणार!

“या युद्धाचा तुमच्या घरावर परिणाम झाला आहे का?” एक पोरगी विचारायची. “खूप, थोडा, की अजिबात नाही?”

“माझी मुलगी तिथे आहे.”

“म्हणजे खूप, थोडा, की...”

“अगं बाई, मुलगी तिथे ट्रक चालवते म्हणते मी!”

“मग ‘खूप’ लिहू का, मॅडम?”

“लिही, काय लिहायचं ते.”

“आता पुढचा प्रश्न. सैन्य लगेच परत आणावं, वर्षभरात आणावं, की विजय मिळेपर्यंत तिथेच ठेवावं?”

“विजय म्हणजे नक्की काय, ते आधी सांग. मग उत्तर देते.”

“तो पर्याय आमच्याकडे नाहीये, मॅडम.”

“अगदी बरोबर! कोणाकडेच नाहीये तो!” लव्हॉन ओरडायची, पण फोन ठेवायची नाही. एकदा आपटायची सवय लागली आणि उद्या जोलीनवरच आपटला तर? ती उरलेले सगळे प्रश्न मुकाट ऐकून घ्यायची. वर पुन्हा ती पोरगी आभार मानायची, तेव्हा तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

या सगळ्यात तिची खास खुन्नस होती सेनेटर हॅलोरनवर. या माणसाने युद्धाच्या बाजूने हात वर केला होता. उन्हाळ्यात जत्रेला आला तेव्हा छाती फुगवून म्हणाला, विजयाशिवाय माघार नाही. मक्याची कापणी झाली तोवर म्हणायला लागला, माघार घ्यावी, पण जबाबदारीने, टप्प्याटप्प्याने. थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की पोटात जिरते न जिरते तोच, अध्यक्ष झालो की पहिल्याच दिवशी सैन्य परत बोलावतो! वारा येईल तशी पाठ. उलट माजी गव्हर्नर टिबेट, तो सुकलेला, सर्दी झाल्यासारखं बोलणारा म्हातारा, पहिल्या दिवसापासून म्हणत होता की हे युद्ध चूक आहे. त्याला पेपरवाले ‘इतर’ या खान्यात टाकायचे.

“अगं, माणसाचं मत बदलू शकतं की,” शेजारची आर्लिस म्हणायची. गावातलं हॅलोरनच्या प्रचाराचं सगळं काम तिच्याकडे होतं.

“बदलू दे ना! पण याचं मत पेपरात आकडे आले की दुसऱ्याच दिवशी कसं बदलतं? आणि हे आकडे तरी कोणाचे? या तालुक्यात फोन मी एकटी उचलते!”

यावर चाऱ्याच्या दुकानात, भर गर्दीत, असा हशा पिकला की विचारू नका. पुढे गावाने ते वाक्यच पकडलं. हॅलोरनने काही नवीन टूम काढली की लोक म्हणायचे, लव्हॉनशी बोलला वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी आर्लिसने कमालच केली. हॅलोरनला थेट लव्हॉनच्या घरी कॉफीला आणलं. आमच्याकडे ही पद्धतच आहे, अध्यक्ष व्हायचं असेल तर आधी लोकांच्या स्वयंपाकघरात अवघडून उभं राहायचं. बर्फाने माखलेल्या बुटांनी सगळी फरशी घाण झाली. साहेबांनी तीन कोलाचे खाल्ले, बोटं चाटली. लव्हॉन डाव धुता धुता वळली.

“सेनेटर, तुम्ही युद्धाला हो म्हणालात. तुमचं चुकलं का?”

“हे बघा, त्या वेळी आमच्यासमोर जी माहिती ठेवली गेली होती...”

“मी माहिती नाही विचारली. सूपमध्ये मीठ जास्त पडलं तर मी पोरांना सांगायचे, माझ्या हातून पडलं. मिठाच्या बरणीने मला चुकीची माहिती दिली, असं नाही म्हणायचे.”

सोबत आलेले सगळे हसले. हॅलोरनही हसला, त्याला हसायचं कधी ते पक्कं ठाऊक. मग त्याने पुढे होऊन तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. भिंतीवर जोलीनचा गणवेशातला फोटो होता, तिकडे बघून म्हणाला, “पहिल्या दिवशी, लव्हॉन. पहिल्याच दिवशी आदेश काढतो. तुमच्या जोलीनला घरी आणतो.”

माणूस लबाड आहे हे तिला शंभर टक्के कळत होतं. पण नाव घेतलं ना त्याने! त्या क्षणी तिने त्याचं खरं मानलं आणि या गोष्टीचा तिला त्याच्या लबाडीहून जास्त संताप आला.

तिचा नवरा मायलो या कशात नव्हता. त्याचा पक्ष दुसरा, आणि युद्ध सुरू करणारा अध्यक्ष त्याच पक्षाचा. युद्धाविषयी मायलो काही बोलायचा नाही. मुलीविषयीही फारसा नाही. दोघांनी घरात राजकारणाचा विषय काढायचा नाही असं लग्नातच ठरवलं होतं आणि आता मुलीचा विषय काढला तरी राजकारण व्हायचं. फोन तर तो उचलायचाच नाही. लव्हॉनने उचलावा, जोलीन असली तर हाक मारावी, मग याने रिसिव्हर कानाला लावून “ट्रकचं तेल बदलतेस ना वेळेवर?” एवढं विचारावं.

नाताळात जोलीनने सांगितलं होतं, फेब्रुवारीत मुदत संपते, पण वाढवतील अशी कुजबुज आहे. “नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी नक्की कळेल. काही झालं तरी मीच फोन करीन, आई. दुसऱ्या कोणाकडून कळू देणार नाही.” कॉकस नेमका त्याच गुरुवारी.

लव्हॉन सकाळपासून फोनजवळून हलली नाही. यंत्रांनी उच्छाद मांडला होता. शेवटच्या दिवशी सगळे चवताळतात. प्रत्येक वेळी शांतता, प्रत्येक वेळी ती रिसिव्हर कानाला दाबून धरायची, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मेला देशाच्या भवितव्याविषयी बोलायला लागायचा. संध्याकाळ झाली तरी जोलीनचा पत्ता नाही.

“तू जा,” मायलो म्हणाला. “आमच्या पक्षाच्या बैठकीला मी तसाही जाणार नव्हतो, गारठा बघ केवढा आहे. मी बसतो इथे.”

“उठू नकोस हं. वाजला की उचल. प्रत्येक फोन उचल!”

“अगं हो, समजलं.”

कॉकस शाळेच्या जेवणघरात होता, जिथे तिचा जन्म गेला तिथेच. आमच्याकडे चिठ्ठी टाकून पळून जायची सोय नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात, सगळ्या गावादेखत, जाऊन उभं राहायचं. हॅलोरनचा कोपरा गच्च भरला. टिबेटच्या कोपऱ्यात लव्हॉन, निवृत्त पाद्री आणि आणखी दोघं.

बैठकीचा अध्यक्ष होता चाऱ्याच्या दुकानाचा लेनर्ड. तो म्हणाला, “टिबेटवाले, ठरलेल्या संख्येला तुम्ही कमी पडता. दुसऱ्या कोपऱ्यात जा, नाहीतर घरी जा.”

“आणखी एक धर,” लव्हॉन म्हणाली. “जोलीनचं मत याच माणसाला आहे. तिने स्वतः सांगितलंय.”

“लव्हॉन, जो हजर असेल त्यालाच मोजायचं. नियम आहे.”

“ती का हजर नाही, ते ठाऊक आहे ना तुला?” आता तिचा आवाज चढला. “महिनोन् महिने माझं डोकं खाल्लंत, युद्धाबद्दल काय वाटतं, युद्धाबद्दल काय वाटतं! आणि जी तिथे मरणाच्या रस्त्यावर ट्रक हाकते तिला काय वाटतं, ते मोजायचं नाही? कसला डोंबलाचा नियम हा?”

लेनर्ड आपल्या बुटांकडे बघत राहिला. लहानपणी वाटाणे न संपवल्यावर बघायचा तसाच.

आर्लिस पुढे आली, हळूच दंडाला धरलं. “चल गं. तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने शब्द दिलाय. इथे चौघं उभे राहून जोलीन घरी येणार आहे का?”

लव्हॉन हॅलोरनच्या कोपऱ्यात गेली. दातओठ खात गेली, पण गेली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि तिच्या कोटावर हॅलोरनच्या नावाचा गोल स्टिकर लावला.

घरी आली तर मायलो खुर्चीत मजेत.

“आला होता?”

“जोलीनचा? नाही. यंत्रंच होती मेली. हॅलो म्हटलं की गप्प. आपटला. लगेच परत वाजला, परत गप्प, परत आपटला. तिसऱ्यांदा चांगला कडक शिवी हासडून ठेवला!”

लव्हॉन कोट न काढता तशीच उभी राहिली.

“मायलो, जोलीनचा फोन आधी गप्पच असतो रे.”

मग त्याचा चेहरा उतरला. “मला काय माहीत? नेहमी तूच उचलतेस ना!”

हे खरं होतं. उचल म्हणून तिने दहादा बजावलं होतं, थांब म्हणून एकदाही नाही. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, स्वतःवर ओरडायचं होतं, सगळ्यांत जास्त त्या यंत्रांवर. ज्यांनी भल्या माणसांना शांतता आली की फोन आपटायला शिकवलं, त्यांच्या नावाने तिने त्या रात्री बोटं मोडली.

सकाळी गावात चिटपाखरू नव्हतं. कॉकस संपला, गरज सरो वैद्य मरो, सगळे उमेदवार पुढच्या मतदानासाठी न्यू हॅम्पशायरला पळाले. तिथले आकडे वेगळे निघाले आणि आठवड्याच्या आत हॅलोरन टीव्हीवर म्हणाला की सैन्य परत आणायचंच, मात्र परिस्थिती बघून, सेनापतींशी बोलून. लव्हॉनने ओलं फडकं टीव्हीवर फेकलं.

बातमी शेवटी परक्या बाईकडूनच कळली. नॅशनल गार्डच्या, म्हणजे जोलीनच्या पलटणीच्या, कचेरीतून फोन आला, मुदत उन्हाळ्यापर्यंत वाढली. “जोलीनला स्वतः सांगायचं होतं,” ती बाई म्हणाली, “पण तुमची लाइन सारखी तुटत होती म्हणे. आता त्यांचा तळ हलवताहेत, तेव्हा काही दिवस फोन होणार नाही.”

लव्हॉनने ते जसंच्या तसं मायलोला सांगितलं. लाइन तुटत होती, हेसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याने आपली खुर्ची ओढत आणून फोनशेजारी लावली.

आता फोन मात्र वाजेना. महिनोन् महिने ज्याने जीव नकोसा केला तो मुडद्यासारखा पडून. फेब्रुवारी लागला. जोलीन घरी यायची ती तारीख आली आणि गेली.

एका दुपारी फोन वाजला. लव्हॉन कणकेचे हात तसेच घेऊन धावली, पण मायलोने आधीच उचलला होता.

“हॅलो.”

शांतता.

“मी आहे, बाळा,” मायलो म्हणाला. “बाबा बोलतोय. मी ठेवत नाहीये हं.”

मग खट्‌ आवाज झाला आणि यंत्र बोलायला लागलं. कुठली तरी मागे राहिलेली चाचणी. लव्हॉनला वाटलं, आता आपटणार. तो कानाला लावून बसला. युद्धाचा तुमच्या घरावर परिणाम झाला आहे का? खूप असेल तर एक दाबा, थोडा असेल तर दोन, अजिबात नसेल तर तीन. मायलोने चष्मा वर सरकवला, जाड बोटाने एकचं बटण शोधलं आणि दाबलं. मग पुढचा प्रश्न ऐकला, त्याच्या पुढचाही.

यंत्राने आभार मानले. लाइन बंद झाली, नुसती गुणगुण यायला लागली, ती लव्हॉनला लांबूनही ऐकू येत होती.

“अरे, संपला तो फोन,” ती म्हणाली. “ठेव आता.”

“थांब जरा,” मायलो म्हणाला.