नवरीकडची मेणबत्ती

छे गुमसिलला शिवताना कुणी बघितलेलं आवडत नसे. कपडा अंगावर चढला की बघा, तोवर माझ्या डोक्यावर उभे राहू नका, असं ती गिऱ्हाइकांना तोंडावर सुनवायची. पण चीनच्या सीमेवरच्या, कोरियन वस्तीच्या आमच्या यांजीत विद्यापीठासमोर हानबोक, म्हणजे आमच्या लोकांचा पिढीजात पोशाख, भाड्याने देऊन फोटो काढणारी दुकानं निघाली, त्यातल्या एकाच्या मागच्या खोलीत ती कामाला बसू लागली आणि तिचा हा नियम मोडला. शांघायच्या, ग्वांगझूच्या पोरी घेरदार झगा घालून, वेणीला रिबीन बांधून भिंतीसमोर मिरवायच्या आणि जाताना मागे डोकावून तिच्या हातांचा व्हिडिओ काढून न्यायच्या. दुकानाचा मालक लुओ चन हा शनयांगचा चिनी तरुण, बोलायला गोड. "मावशी, गिऱ्हाईक तुमच्या हातांना बघायला येतं," म्हणायचा. विधवा बाईला कुणी हवंहवंसं म्हटलं की काय वाईट वाटणार? गुमसिल नको नको म्हणत हात जरा उजेडात धरायची.

तिचा सगळा जीव मात्र ह्यांगरानमध्ये अडकलेला. ही एकुलती एक मुलगी आमच्याकडच्या निम्म्या पोरांसारखी कोरियात गेली, सुवन शहरात दातांच्या दवाखान्यात लागली आणि तिथल्याच तोग्यु नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या सुरुवातीला दोघी विहिणी हातात हात घालून हॉलमध्ये चालत येतात आणि एकेक मेणबत्ती लावतात. मुलाच्या आईचा हानबोक निळा, मुलीच्या आईचा गुलाबी. आयुष्यभर गुमसिलने दुसऱ्यांच्या आयांसाठी गुलाबी जोगोऱ्या, म्हणजे हानबोकच्या वरच्या आखूड बंड्या, शिवल्या होत्या. आता स्वतःची शिवताना तिने तीनदा उसवली, कारण एकही टाका तिच्या मनास येईना. विहिणीसाठी निळा जोड शिवून तिने आधीच पाठवून दिला. तो पोचल्यावर विहीणबाईंनी फोनवर इतकं कौतुक केलं की गुमसिल दोन दिवस शेजारणींना तेच ऐकवत बसली.

त्याच सुमारास लुओ चनने तिचा एक व्हिडिओ टाकला. ती जोगोरीच्या गळ्याला पांढरी पट्टी शिवते आहे, मान खाली, चष्मा नाकावर घसरलेला. वर त्याने लिहिलं, 'आपल्या चीनचा वारसा'. झालं, समुद्रापलीकडे आग लागली. आधी आमचं किमची पळवलं, आता अंगावरचे कपडे, आणि वर म्हातारीला पुढे करून चोरी करतात, असं कोरियातले लोक लिहू लागले. इकडचेही गप्प बसणारे नव्हते. तुमचे सणवार आमच्याकडून उचललेले, तुम्ही कसल्या गप्पा मारता, असं त्यांचं. लाखभर लोक भांडत होते, आणि त्यातल्या दहांना तरी साधी काजपट्टी करता येत असेल की नाही, देव जाणे! पण भांडायला काजपट्टी कशाला यावी लागते?

लुओ चन घाबरून आला. "मावशी, एक वाक्य बोला. नाहीतर दुकानाला टाळं लागेल." गुमसिलने कॅमेऱ्याकडे बघून चिनी भाषेत सांगितलं, मी इथे जन्मले, इथेच शिवायला शिकले, हा आमच्या इथलाच पोशाख आहे. यात खोटं काही नव्हतं.

चार दिवसांनी ह्यांगरानचा फोन आला. तोग्युच्या आत्याने साखरपुड्याच्या फोटोवरून गुमसिलला ओळखलं होतं आणि विहीणबाईंनी जेवण सोडलं होतं. त्यांच्यापुरतं तरी काहीतरी बोलून पाठव, म्हणून ती रडकुंडीला आली. गुमसिलने स्वयंपाकघरात फोन मिरच्यांच्या बरणीला टेकवला आणि कोरियनमध्ये बोलली. आजी कोरियातल्या हामग्योंगहून सीमेवरची तुमेन नदी ओलांडून आली, येताना हेच शिवण घेऊन आली, हा कोरियाचाच पोशाख, विहीणबाईंनी गैरसमज करून घेऊ नये. यातही खोटं काही नव्हतं.

आता बाहेरच्यांना हे लबाडीचं वाटेल. पण यांजीत आम्ही सगळे असेच वाढलो. कचेरीत एक भाषा, चुलीपाशी दुसरी, आणि ज्या भाषेत जे शोभेल ते बोलायचं. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत जात नसे, म्हणून कुणाचं कधी बिघडलं नाही. फोनला भिंती नसतात, हे गुमसिलच्या ध्यानात आलं नाही. तोग्युच्या बहिणीने चांगल्या मनाने, आमच्या वहिनीची आई तशी नाही हे दाखवायला, ते बोलणं सगळ्यांसमोर टाकलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं, 'दोन तोंडांची म्हातारी'. दोन्ही देशांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र एकमत झालं.

लुओ चनने थोडे दिवस येऊ नका म्हणून सांगितलं आणि शिवणयंत्र घरी पोचतं केलं. भाजीबाजारात ओळखीची तोफूवाली तिच्याशी बोलताना आजूबाजूला बघू लागली. सुवनहून निळा जोड जशाच्या तशा घडीत परत आला, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. माफी मागायचं गुमसिलने खूपदा मनात आणलं. पण एकाची मागावी तर दुसरा पेटणार, आणि गप्प राहावं तर दोघंही म्हणणार, बघा, बोलायला तोंड नाही. अख्खा जन्म कात्री चालवलेली बाई अशी कात्रीत सापडली. मनातलं कुणाला सांगावं तर कोणत्या भाषेत, तेही तिला उमजेना.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा ह्यांगरान फोनवर म्हणाली, "आई, मेणबत्ती मावशी लावेल."

मावशी म्हणजे गुमसिलची धाकटी बहीण ओकबुन. ती बरीच वर्षं कोरियातच, आनसानला होती आणि तिचं बोलणं आता पुरतं तिकडचं झालं होतं.

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"तिथे प्रत्येकाच्या हातात फोन असणार गं. तू आजारी आहेस, येऊ शकत नाहीस, असं सांगितलंय सासरच्यांनी सगळ्यांना."

"त्यांनी सांगितलं. आणि तू?"

"मी नाही म्हटलं तर लग्न मोडेल. तू म्हणशील तर मोडते. म्हण."

पोरीने आईला असं विचारू नये. गुमसिल कधी नव्हे ती मुलीवर मनापासून रागावली, आणि राग आला तरी जे म्हणायचं तेच म्हणाली. "मोडू नकोस. मी मागच्या रांगेत बसेन. पाहुणी म्हणून तरी बसू देतील ना?"

ती करड्या कोटात, साध्या स्कर्टमध्ये गेली. हॉलच्या दारात विहीणबाई पाहुण्यांना वाकून नमस्कार करत उभ्या होत्या. गुमसिलसमोर त्या इतरांइतक्याच वाकल्या, ना कमी ना जास्त. मग दिवे मंदावले आणि ओकबुन भाड्याच्या गुलाबी हानबोकमध्ये विहिणीच्या हातात हात घालून चालत आली. तिची गळ्याची पट्टी एका बाजूला सरकली होती. ती नीट करायला गुमसिलचे हात आपोआप उठले. मग तिने ते मांडीखाली दाबून धरले. मेणबत्ती लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, त्यासाठी हात बाहेर काढावेच लागले.

शेवटी फोटोग्राफरने घरच्यांना पायऱ्यांवर बोलावलं. काका, आत्या, चुलतभाऊ, सगळे चढले. गर्दीच्या रेट्यात गुमसिल पायऱ्यांपाशी येऊन पोचली आणि तिथेच थबकली. मुलगी चार हातांवर होती. हॉलवरचा एक तरुण कामगार अदबीने पुढे झाला. "बाई, हा फक्त घरच्यांचा फोटो आहे. आपण नवरीच्या कोण?"

विहीणबाईंनी मान खाली घातली. ओकबुन आपल्या गळ्याची पट्टी सारखी करू लागली. पुढच्या रांगेतल्या कुणाचातरी फोन वर झाला होता.

"मी शिंपीण," गुमसिल म्हणाली. "कपडे नीट बसलेत का, ते बघायला आले."

ह्यांगरानने ते ऐकलं. फोटोग्राफरने सगळ्यांना हसायला सांगितलं, आणि ती हसली. त्या तरुणाने मान लववून गुमसिलला जेवणाच्या हॉलचा रस्ता दाखवला.