एकसष्टावा दिवस

सेवेतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक काही केल्या विसरता येत नाही, कारण यात गुन्हेगार शोधायला मला ठाण्याबाहेर जावंच लागलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचे तिघे जण वनरक्षकाला मारहाण केल्याच्या गुन्ह्यात कल्याणच्या जेलात होते. वनजमिनीच्या प्लॉटवरून झालेली झटापट, दुसरं काही नाही. त्यांचा वकील मुरबाडचा. अशा लोकांच्या केसेस फुकट लढायचा, कोठडीत कुणाला हात लागला की लगेच अर्ज ठोकायचा. आमच्या खात्यात त्याला कुणी चांगलं म्हणत नसे. मीही नाही.

एका सकाळी मी आलो तर हा वकील ठाण्यातल्या बाकावर बसलेला. हवालदार म्हणाला, "साहेब, पोलीस पाटलाची खबर आहे. हा आज पाड्यावरची माणसं घेऊन फॉरेस्टच्या ऑफिसवर चाल करून जाणार. एकशेएक्कावन्नखाली ताब्यात घेतलाय." म्हणजे प्रतिबंधक अटक. गुन्हा घडायच्या आधीच माणूस उचलायचा. चोवीस तास ठेवता येतो.

मी चौकशीला बसलो. बॅगेत वकीलपत्रं, काळा कोट आणि भाकरीचा डबा निघाला. काळा कोट घेऊन दंगल करायला कोण जातं? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

"कुठे निघाला होतात?"

"कोर्टात. साहेब, जरा तारखा मोजा. आज एकसष्टावा दिवस आहे."

"मला कायदा शिकवू नका."

"शिकवत नाही हो. मोजा, एवढंच म्हणतोय."

माझं डोकं सणकलं. बसा इथेच, म्हणालो आणि बंदोबस्ताच्या मीटिंगला निघून गेलो. कॅलेंडर बघायला एक मिनिट लागलं असतं.

परतलो तेव्हा तीन वाजले होते. सवयीने स्टेशन डायरी चाळली. आता आतली एक गोष्ट सांगतो. आमचे ठाणे अंमलदार डायरीत मध्येच दोन ओळी कोऱ्या सोडायचे, मागाहून एखादी नोंद घुसवायची झाली तर सोय म्हणून. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. त्या सकाळची खबर अशाच दोन ओळींत दाटीवाटीने कोंबलेली होती: 'पोलीस पाटील समक्ष हजर, वेळ साडेसात.' अहो, त्या बाजूची पहिली एसटीच साडेनऊला येते! आणि पाटील गुडघ्याने अधू, चालत येणं शक्यच नाही.

हवालदाराला आत घेतलं, दार लावलं. आयुष्यभर लोकांच्या चौकश्या केल्या, पण आपल्याच माणसाची करताना जीभ जड होते.

"पाटील कशाने आला रे? विमानाने?"

दाराची कडी नीट लागलीय ना, ते त्याने बघितलं.

"बोल."

"साहेब, त्या तिघांच्या केसमधलं तपासी साहेबांचं चार्जशीट पुरं नव्हतं. डॉक्टरचा दाखलाच काल आला. हा सकाळी कोर्टात पोचला असता तर तिघं सुटली असती. चार्जशीट पडलं की सोडणारच होतो याला. मारलंबिरलं नाय कुणी. चहासुद्धा दिला."

मग मी बोटांवर दिवस मोजले. रिमांडपासून साठ दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, कोर्टात गेलं नाही, तर अशा गुन्ह्यात आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण त्यासाठी वकिलाचा अर्ज दोषारोपपत्राच्या आधी कोर्टात पडावा लागतो. मागाहून पडला तर हक्क गेला. त्या चार्जशीटवर सहीसुद्धा माझीच होती. आदल्या दिवशी गठ्ठ्यात करून मोकळा झालो होतो, जोडकागद न बघता.

बाहेर येऊन म्हणालो, "वकीलसाहेब, निघा. जीप देतो."

"पोलिसांच्या जीपमधून उतरलो तर माझी माणसं काय समजतील?" त्यांनी घड्याळ बघितलं. "असो. चला लवकर."

ते पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. चार्जशीट अर्ध्या तासापूर्वीच पडलं होतं.

मी डायरीत खऱ्या वेळा लिहिल्या, खबर खोटी असल्याचं लिहिलं, सही केली आणि हवालदार व तपासी अधिकारी, दोघांचा अहवाल वर पाठवला. वरिष्ठांचा फोन आला, "घरातलं चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?" पुढे माझी बदली झाली, त्याचं दुःख नाही. वकिलाने त्या नोंदीची नक्कल घेऊन वरच्या कोर्टात झगडून जामीन मिळवला, पण त्यात चार महिने गेले.

तिघे सुटले त्या दिवशी मी कामानिमित्त कल्याणच्या जेलच्या आवारात होतो. एकाच्या बायकोने मला ओळखलं. कडेवर तान्हं मूल होतं.

"साहेब, हा जन्मला तवा बाप आत. भाताची लावणी आमी बायकांनीच उरकली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नवऱ्याने हात पुढे केले, तसं पोर घाबरून किंचाळलं. "रडू दे," ती त्याला म्हणाली, "वळखत नाय अजून."

मी वकिलाला शिवी दिली नव्हती, हातकडी घातली नव्हती, म्हणून काही वाईट केलं नाही अशी माझी समजूत होती. पण वकिलाला सहा तास बाकावर बसवलं की शिक्षा त्याला होत नाही, त्याच्या भरवशावर असलेल्या माणसांना होते. एवढं कळायला मला ते रडणारं पोर बघावं लागलं.

"बाई, चुकलं माझं," हे शब्द तोंडाशी आले होते. चार शिपाई बघत होते, अंगावर वर्दी होती. मी टोपी सारखी केली आणि जीपमध्ये जाऊन बसलो.