आतोबांची डावी बाजू

माझी आत्या बसमध्ये कंडक्टर होती आणि आतोबा त्याच बसचे ड्रायव्हर. आधी ड्युटी एकत्र लागली की आधी लग्न ठरलं, यावर दोघांचं आजही एकमत नाही. आत्याचा आवाज असा, की शेवटच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेला माणूस मुकाट्याने उठून तिकीट काढायचा. दारुड्यांना तिने दंडाला धरून खाली उतरवलंय, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांना गप्प केलंय. ती कशाला घाबरते, असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवसाबद्दल बोलताना ती मध्येच थांबते, तेव्हा ऐकणाऱ्यालाही कसंसंच होतं.

आतोबा गाडी चालवताना कुणाचं ऐकत नसत. मागे कितीही आरडाओरडा होवो, त्यांना फक्त घंटी कळायची. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. आत्याने घंटी दिली की ते आरशातसुद्धा बघायचे नाहीत. "मास्तरने दिलीय ना, मग झालं," म्हणायचे. मास्तर म्हणजे आत्या. निवृत्त झाल्यावर चारचौघं गुडघे चोळत बसतात. या दोघांनी एका ओळखीच्याकडून शिडाची जुनी छोटी बोट घेतली आणि शिकवणी लावून चालवायला शिकले. बोटीतही पद्धत तीच. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसलेली आत्या लाकडी कडेवर मुठीने ठोकायची. एकदा ठोकलं की आतोबा शिडाचा दोर सैल सोडणार, म्हणजे वारा सुटून बोट मंदावणार. दोनदा ठोकलं की दोर ओढून घेणार. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, "आतोबा, बोट म्हणजे बस नव्हे, तिला ब्रेक नसतो." तर आत्याच फिस्कारली, "तुला चालवायला दिलीय का? मग गप्प बस."

त्या शनिवारी सकाळी आतोबांनी कार काढली आणि दोघं धक्क्यावर गेले. किनाऱ्याला लागून तिथे पाण्याची एक लांबच लांब वाट आहे. एका अंगाला गावं, गोदामं, धक्के. दुसऱ्या अंगाला वाळूची पट्टी आणि तिच्यापलीकडे खुला समुद्र. पाणी वरून एकसारखं दिसलं तरी खोल वाट अरुंद, म्हणून तिच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला हिरवे बोये तरंगत ठेवलेले; जाताना डावीकडे लाल, परत येताना हिरवे. बोटीने त्यांच्या मधून जायचं, एवढंच.

जाताना शीड डाव्या अंगाला फुगलेलं होतं. वारा बेताचा, ऊन कोवळं. आत्या डबा उघडायच्या बेतात होती आणि लाल बोया थेट बोटीच्या डाव्या कुशीला घासत गेला. "अहो, लाल!" ती ओरडली तोवर तो मागे पडलाही होता. "शीड आड आलं," आतोबा म्हणाले. तिला पटलं. थोड्या वेळाने डाव्या हातालाच मासेमारीचे खांब आले आणि बोट त्यांच्यावर जाता जाता वाचली. पुन्हा शीडच आड आलं होतं. आत्याने हेही पटवून घेतलं, पण डबा तसाच ठेवला आणि कडेला घट्ट धरून बसली.

दुपारी परत फिरले तेव्हा शीड उजव्या अंगाला गेलं. डावीकडे आता आड यायला काही नव्हतं. लख्ख पाणी. आणि तरीही आतोबांनी हिरवा बोया घासला.

या वेळी आत्याने पटवून घेतलं नाही. ती उठली, थर्मासमधून चहा ओतला आणि आतोबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. काही न बोलता कप त्यांच्यासमोर, पण जरा डावीकडे धरला. कपातून वाफ निघत होती. आतोबा सरळ पुढे बघत होते. तिने कप हलवला. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. "चहा देणार होतीस ना?" ते म्हणाले.

"माझं तर भानच गेलं," आत्या मला सांगत होती. "चहा माझ्याच मांडीवर सांडला, तोही कळला नाही."

"अहो, तुम्हाला डावीकडचं दिसतं ना?"

"न दिसायला काय झालंय? सगळं दिसतं मला. तू पुढे जाऊन बस बघू." हे त्यांनी तोंड न वळवता सांगितलं.

तिला पोहता येत नव्हतं, पण त्या क्षणी तिला पाणी आठवलं नाही. तिला सकाळी धक्क्यावर येताना वाटेत भेटलेला मोटरसायकलवाला आठवला. डावीकडे वळताना त्याने कर्कश हॉर्न दिला होता आणि आतोबा म्हणाले होते, "कुठून टपकतात कोण जाणे!" मग आठवली छकुली, त्यांच्या लेकीची, म्हणजे आमच्या ताईची मुलगी. तिला रोज सकाळी आतोबाच कारने शाळेत सोडायचे. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसायची ती, काचेला नाक लावून.

वारा वाढला. पुढचं छोटं शीड उतरवणं भाग होतं, म्हणून आत्या जीव मुठीत धरून पुढे सरकली. आणि तिला दिसलं: डावीकडच्या फाट्यातून खडीने भरलेला बार्ज, लोखंडी मालवाहू तराफा, बाहेर येत होता. मागून छोटी टगबोट त्याला रेटत होती. एवढं मोठं धूड, पण आवाज वाऱ्यात विरून गेलेला. आत्याला ओरडायचं होतं. सगळी बस गप्प करणारा तो आवाज घशातून बाहेरच येईना. हात मात्र आपोआप चालला. तिने ठोकलं. एकदा.

आतोबांनी विचारलं नाही. दोर सोडून दिला.

शीड फडफडायला लागलं आणि बोट थांबली. नेमकी बार्जच्या वाटेत! मला अजून वाटतं, शहाण्या माणसाने अशा वेळी एकदा तरी मान वळवून पाहिलं असतं. टगचा भोंगा वाजला. आतोबा दचकले आणि वळून बघायला लागले, पण उजवीकडे. "कुठाय? अगं, कुठाय?"

आपल्याच हाताने नवऱ्याला मरणाच्या तोंडी उभं केलं, हे आत्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने दोनदा ठोकलं. आतोबांनी तेव्हाही विचारलं नाही. दोन्ही हातांनी दोर ओढला. शिडात वारा भरायला जो वेळ लागला त्याबद्दल आत्या बोलत नाही. बोट सरकली आणि लोखंडाची ती गंजलेली भिंत हात लावता येईल एवढ्या जवळून गेली. टगवरच्या माणसाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मागून आलेल्या लाटेने बोट अर्धी भरली.

आत्या मागे आतोबांजवळ येऊन डब्याने पाणी उपसत राहिली. बऱ्याच वेळाने आतोबा हळू आवाजात म्हणाले, "डावीकडे आता काय आहे?"

"काही नाही. मोकळं आहे."

"बरं."

तिथून धक्क्यापर्यंत ती सांगत गेली आणि ते तसं सुकाणू वळवत गेले. हिरवा येतोय, जरा उजवीकडे. होडी आहे, थांबा. उभ्या जन्मात घंटीखेरीज कुणाचं न ऐकलेला माणूस निमूट ऐकत होता, याचीच तिला बार्जपेक्षा जास्त भीती वाटत होती.

धक्क्यावर बोट बांधून झाली. आतोबांनी खिशातून कारची किल्ली काढली. आत्या कारच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अहो, नको."

"घरापर्यंतच. हळू नेतो."

"नको म्हणते ना!"

"मग काय इथेच मुक्काम करायचा?" ते चिडले, पण किल्ली दाराकडे नेली नाही.

आत्याने ताईला फोन लावला. हात अजून ओले होते म्हणून स्पीकर सुरू केला. "यांचा गुडघा धरलाय गं," ती म्हणाली. "गाडी चालवता येत नाही. तू न्यायला ये."

"येते, येते. पण आई, सोमवारी छकुलीला सोडतील ना बाबा? मला लवकर निघायचंय."

आत्याने आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"गुडघा ठीक आहे माझा," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. बरेच महिने झाले. तुझ्या आईलाही आजच कळलं."

पलीकडून ताईचा आवाज आला, एकदम बारीक. "बाबा, कालसुद्धा छकुली तुमच्या गाडीत होती."

"हो," आतोबा म्हणाले. "होती."