तवंदीच्या घाटातली परीक्षा

निपाणीत हायवेलगत गॅरेज चालवणारा अण्णा गिऱ्हाइकाशी कधीच वाद घालत नसे. कुणी काहीही म्हणो, हा हात पुसत "व्हय, तुमचं बरोबर हाय" म्हणायचा आणि हळूच जोडायचा, "बसा, जरा घाटातनं फिरून येऊ." त्या 'बसा'ला आम्ही जुनी गिऱ्हाइकं टरकून असायचो.

एकदा मी स्कूटर घेऊन गेलो होतो, तेव्हा एका तंबाखू व्यापाऱ्याचा पुण्याचा जावई लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. ब्रेकच्या डिस्कला तडा गेला होता.

"एवढ्याशा तड्यानं काय होतं? नवी नको," जावई म्हणाला.

"व्हय, तुमचं बरोबर हाय. बसा."

अण्णा स्वतः चालवायला बसला आणि तवंदीचा घाट उतरून गाडी परत आली. जावई शेजारच्या सीटवरून उतरला.

"बदला," तो म्हणाला. "ब्रेक लागतच नव्हता."

तो समोर चहाला गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, खरंच लागत नव्हता ब्रेक?"

"काय ठावं," चाकाचे नट सैल करत तो म्हणाला. "सगळा घाट गिअरवर उतरवला. तसल्या डिस्कच्या भरवशावर पाय कोण ठिवंल?"