मालेगावच्या पटावरची संथ वाट

मालेगावला जायचं माझ्या मनात नव्हतंच. तिथे दरवर्षी थंडीत बुद्धिबळाचा एक डाव होतो. नाशिकचा एक खेळाडू, मालेगावचा एक, आणि पाहुण्याला पांढरी मोहरी असा रिवाज आहे. नाशिककडून वर्षानुवर्षं अण्णा जात होते. यंदा अण्णांना अंथरुणावर उठवून बसवायलाच दोन माणसं लागत होती. त्यामुळे शाळेत पाढे शिकवणारा मी, दत्तू मास्तर, नाशिकचा खेळाडू झालो. दुसरं कुणी मिळत नव्हतं हे खरं कारण.

अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसले आणि साठीत दोन्ही डोळे गमावून बसले. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, दुकानाच्या फळीवर, मी नऊ वर्षांचा असताना. अर्थात आपल्या देशी नियमांनी. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. राजाला एकदा घोड्याची उडी. आणि प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मेलेलं मोहरं परत येणार. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. एकदा मी हावरटासारखा घोड्याच्या घरात वजीर मांडला, तर अण्णांनी लाकडी पट्टी अशी हाणली की दोन बोटं सुजली. आई भांडायला दुकानात गेली होती. त्यानंतर ती चूक माझ्याकडून कधी झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी मालेगावात मुंबईहून शिकून आलेला एक तरुण वकील खेळू लागला आणि सामना विलायती नियमांवर गेला. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, राजा हत्तीच्या आड किल्ल्यात बसतो, शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं कुठल्याही घरात वजीर होऊ शकतं. हे सगळं अण्णांनी माझ्याकडून वाचून घेतलं, दोघांनी पाठ केलं. पण वकिलाकडे सिसिलियन नावाची सुरुवात होती. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की काळा वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. मग पांढरा मधली फळी उघडतो आणि दोघेही एकमेकांच्या राजावर सुरे घेऊन धावतात. गेल्या वर्षी अण्णा असे धावले आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत मात खाऊन उठले.

मग वर्षभर, दिसत नसलेल्या पटावर, त्यांनी एक वाट शोधली. रोज शाळा सुटली की मी जायचो, ते चाली सांगायचे, मी मांडायचो आणि वहीत उतरवायचो.

"वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकायचंच नाही," ते म्हणायचे. "एकच घर. आपलं देशी. मधली फळी उघडायचीच नाही. राजाच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सारायचं, त्याच्या मागच्या कोनाड्यात उंट बसवायचा आणि गप्प राहायचं. धावून येऊ दे त्याला. धावायला रस्ताच नाही म्हटल्यावर काय करील?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या छातीत घरघर लागली होती. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून, मुलीला बोलावून घ्या, असं सांगितलं होतं. अण्णा मला म्हणाले, "दत्तू, मला एवढंच कळू दे, ही वाट टिकते की नाही. तेवढं ऐकलं की मी मोकळा."

असं ओझं घेऊन कुणी प्रवासाला निघू नये.

नाशिकच्या रविवार कारंज्यावरून सकाळी सर्व्हिस मोटार सुटते. सातची वेळ सांगतात, पण बाकडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, तेव्हा आठ धरून चाला. भाडं दीड रुपया. पुढच्या बाकड्यावर बसायचं तर चार आणे जास्त, आणि ते द्यावेत, कारण मागे बसलेल्या माणसाला आग्रा रोडची सगळी धूळ खावी लागते. मी काटकसर करून मागे बसलो आणि ओझरपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसू लागलो. पिंपळगावला मोटार थांबते. तिथली भजी गरम असतात एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल. दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चालली होती, पाट भरून वाहत होते, बायका ओळीने वाकलेल्या होत्या. एरवी मी अशा वेळी गाणं गुणगुणतो. त्या दिवशी मी मनात प्यादी मोजत होतो.

चांदवडच्या अलीकडच्या चढावर मोटारीचं पाणी उकळलं. सगळे उतरलो. ड्रायव्हर डबा घेऊन ओहोळाकडे गेला आणि येऊन माझ्या हातातल्या वहीकडे बघत म्हणाला, "मास्तर, कोर्टाची तारीख हाय का काय? लय घाबरल्यावानी दिसता."

"बुद्धिबळ खेळायला चाललोय," मी म्हणालो.

"मंग त्यात भ्यायचं काय? हरला तं हरला. कोनी फाशी देत नाय."

मला त्याचा हेवा वाटला. चांदवडनंतर मुलूख कोरडा होत जातो आणि बोलीही बदलते, 'आहे'चं 'शे' होतं. शेजारी बसलेली म्हातारी बोचकं सावरत आपल्या लेकाला म्हणाली, "यंदा विहिरले पानीच कमी शे." तिचा लेक बाहेरची कोरडी शेतं बघत होता. मीही.

मालेगाव आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. मोसम नदीच्या अलीकडेच मागांचा खडखडाट सुरू होतो, आणि गल्लीत शिरल्यावर आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. माझा मुक्काम रहीमभाईंकडे होता. ते विणकर, देशी खेळातले जुने उस्ताद, अण्णांचे वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी आणि या सामन्याचे पंच. दारातच त्यांनी माझ्या मागे पाहिलं, जणू अण्णा मागून येत असतील.

"घड्याळवाले नहीं आए?"

मी मान हलवली. त्यांनी मला आत घेतलं. माझ्यासाठी शेजारच्या हिंदू तांबोळ्यांच्या घरातून पिठलं-भाकरी मागवली, चहा मात्र आपल्या घरचा दिला आणि मी पीत असताना म्हणाले, "डोळे गेल्यावर पण आम्हाला हरवत होते. अल्ला त्यांना आराम देवो." मालेगावात जेवणाची काळजी करू नका. पोट भरल्याशिवाय तिथे कुणी तुम्हाला सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमाजानंतर डाव मांडला. रहीमभाईंच्या कारखान्यातले माग त्या वेळेपुरते बंद ठेवले होते, आणि पन्नास-साठ विणकर सुताच्या गठ्ठ्यांवर बसून बघत होते. अन्सारी वकील आले. तिशीच्या आतले, गोरे, अतिशय अदबीने बोलणारे. अशा माणसाचा राग धरणंही जमत नाही.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यांनी सिसिलियन मांडलं. मी उंट कोनाड्यात बसवला, वजिराचं प्यादं एकच घर सारलं आणि गप्प बसलो.

वाचकहो, तो डाव चार तास चालला आणि त्यातले पावणेचार तास मी सुखात होतो. वकील धावून आले, पण रस्ताच नव्हता. त्यांनी वजिराच्या बाजूने प्यादी रेटली, तिथे अण्णांचं उत्तर तयार होतं. त्यांनी घोडा मध्यात आणला, त्याचंही उत्तर वहीच्या सातव्या पानावर होतं. दीड तासानंतर ते प्रथमच कपाळ चोळू लागले. रहीमभाई पुटपुटले, "ये तो घड्याळवाले की चाल है." अण्णा नाशिकला अंथरुणावर पडून इथे खेळत होते, मी फक्त मोहरी हलवत होतो.

वजीर गेले, हत्ती गेले, घोडे गेले, उंट गेले. शेवटी दोन राजे आणि थोडी प्यादी उरली. माझं एक प्यादं घोड्याच्या घरापासून एक पाऊल दूर होतं. वकिलांचं एक प्यादंही शेवटच्या ओळीच्या दाराशी होतं, पण चाल माझी होती. मी पोचलो, वजीर केला, की तिथूनच त्यांच्या राजाला शह बसत होता आणि पुढच्या चालीला त्यांचं प्यादं मी खाणार होतो. हे मी तीनदा तपासलं. वकिलांनीही तपासलं असावं, कारण त्यांनी हात जोडून बोटं एकमेकांत गुंतवली होती.

मी प्यादं पुढे सारलं, उचललं, बाजूच्या मेलेल्या मोहऱ्यांतून घोडा घेतला आणि त्या घरात ठेवला.

सगळी बैठक खूश झाली. "बन गया घोड़ा!" मागून कुणीतरी ओरडलं. रहीमभाईंनी मान डोलावली. त्या खोलीतल्या प्रत्येकाने लहानपणापासून घोड्याच्या घरात घोडाच मांडला होता, त्यामुळे कुणालाच काही वावगं दिसलं नाही. फक्त वकिलांनी मान वर केली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी हसलो. मला वाटलं, ते हार मानतायत.

"मास्टरजी," ते हळूच म्हणाले, "घोड़ा?"

तेव्हा मला कळलं. हात सुटला होता, चाल झाली होती. मी पटाकडे बघितलं आणि कानात नुसते माग वाजू लागले, माग बंद असून. वकिलांनी आपलं प्यादं पुढे टाकलं आणि वजीर मांडला. त्यानंतर दहा-बारा चालींत संपलं. उठताना ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही असं काही पाहिलंय जे मला दिसत नाही." आणि मग, "तुमच्या उस्तादांना सांगा, ही सुरुवात मी उतरवून घेतोय. आजवर माझ्यासमोर कुणी इतकं सुंदर खेळलं नाही." चांगला माणूस. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी मोसम नदीवर गेलो आणि तिथे रडलो.

परतीला पुढचं बाकडं घेतलं. धुळीची भीती नव्हती, पण मागे कुणी ओळखीचं भेटेल याची होती. चांदवडला देवीच्या दर्शनाला डोंगर चढून जाता येतं, पायऱ्या चांगल्या आहेत, लोक जातात. मी गेलो नाही. तोच ड्रायव्हर होता. "जिंकला का मास्तर?" त्याने विचारलं, आणि माझा चेहरा बघून पुढे सबंध वाट बिडी ओढत राहिला.

त्या वाटेत मी खोटं रचलं. सोपं होतं. सगळा डाव खरा सांगायचा, आणि शेवटच्या चालीत एक शब्द बदलायचा. वजीर झाला. वकिलाने हात मिळवला. वाट टिकली, अण्णा. अण्णांना वही दिसणार नव्हती आणि मालेगावहून कुणी येणार नव्हतं. ओझरपर्यंत ते मला पाठ झालं. ओझरच्या पुढे मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

घरी न जाता सरळ अण्णांकडे गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "तुझीच वाट बघतायत. औषधसुद्धा दत्तू आल्यावर म्हणतात."

मी उशाशी बसून चाली सांगू लागलो. अण्णांची बोटं रजईवर हलत होती, त्यांच्या पटावर. सातव्या पानाच्या उत्तराला ते हसले. वकिलांनी कपाळ चोळलं म्हटल्यावर त्यांनी काकूंना हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. गेल्या वर्षानंतर मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. चहा मागितला त्यांनी. दोन घोट प्यायलेही.

"मग मी प्यादं घोड्याच्या घरात सारलं," मी म्हणालो आणि तो एक शब्द बोलायला श्वास घेतला.

"घोडा!" अण्णा म्हणाले. डोळे मिटलेले, चेहरा उजळलेला. "मेलेला घोडा परत आला."

त्यांची बोटं पुढे चालू लागली, एक घर, दोन घरं, आणि थांबली.

"त्याचं प्यादं?"

"वजीर झालं, अण्णा."

त्यांनी रजईवरची बोटं मिटून घेतली. "तू घोडा केलास," ते शेवटी म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो. पण वाट टिकली. शेवटपर्यंत टिकली. वकील स्वतः म्हणाला." मी भडाभडा बोलत होतो. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

अण्णा पाचव्या दिवशी गेले. मोकळे होऊन गेले असं मला म्हणता येत नाही. वही माझ्याकडे आहे. सिसिलियनला घाबरणाऱ्या कुणाला हवी असेल तर घेऊन जावी, त्यातली एकही चाल चुकीची नाही. मालेगावला जाणाऱ्यांनी पुढचं बाकडं घ्यावं, रहीमभाईंना माझा सलाम सांगावा. मी पुन्हा जाणार नाही. घोड्यावर हात ठेवला की अजून माझी बोटं गार पडतात.

डाव सांगितला त्या संध्याकाळी मी उठायला लागलो तेव्हा अण्णांनी चाचपडत माझा उजवा हात धरला. एकेक बोट दाबून पाहिलं, बिघडलेलं घड्याळ तपासावं तसं, आणि त्या दोन बोटांवर थांबले.

"तेव्हा फार लागलं होतं का रे, दत्तू?"

"नाही, अण्णा," मी म्हणालो. वाटभर रचलेल्या खोट्याऐवजी मला एवढंच खोटं बोलता आलं.