गुडघ्यापाशी अडलेला बार

“खाली ताकद हाय, वर बी ताकद हाय. मंग बार गुडघ्यापाशीच काहून अडून राहिला?”

“मधी लग्न झालं ना, उस्ताद!”

“गप रे! पन व्हय... पायगुण बी असतोय एखाद्याचा.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं आणि मी ते ऐकावं असा कुणाचाच विचार नव्हता. पण वसमतच्या आमच्या घराची रचनाच अशी, की स्वयंपाकघराची खिडकी थेट जिममध्ये उघडते. सासऱ्यांचं हळदीचं गोदाम रिकामं पडलं, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे माधवने, तिथं जिम टाकली. शिकवायला आणले उस्ताद, तालमीतले जुने पैलवान. मी इकडे कणीक मळते, तिकडे लोखंड आपटतं. फोडणीचा धूर बाहेर जातो, किस्से आत येतात. नवी सून बोलत नाही म्हटल्यावर तिला ऐकूही येत नसेल, असं लोकांना का वाटतं कोण जाणे! दोन महिन्यांत माझ्याकडे चांगला ढीग जमलाय.

*

आधी डेडलिफ्ट म्हणजे काय ते सांगते. जमिनीवरचा बार, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावलेला लोखंडी दांडा, वाकून धरायचा आणि सरळ उभं राहायचं. झालं! ह्यांना हिंगोलीच्या स्पर्धेत दोनशे किलो उचलायचेत. लग्नाआधी एकशे नव्वद सहज जायचे. लग्नानंतर एकशे ऐंशीही गुडघ्यापाशी येऊन थांबतात, थरथरतात आणि धाडकन खाली. प्रत्येक धाडकनला माझ्या हातातली पोळी दचकते.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, हे दोनशे किलो पहिल्यांदा सांगितले गेले तेव्हा मी वाढत होते. मामांचं सगळं आयुष्य हळदीच्या मोंढ्यात, पोत्यांच्या बाजारात, गेलेलं.

“दोन क्विंटल? म्हंजे चार पोती!”

“व्हय.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

मामांची छाती फुगली. “आन् उचलून नेतोस कुठं?”

“कुठंच न्हाई. तिथंच ठेवतो.”

मामांनी घास खाली ठेवला. “आमच्या हमालानं असं केलं असतं, तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावला नसता!”

*

बालाजी हा ह्यांचा जिवलग मित्र. मोबाइलच्या दुकानात कामाला. जिममध्ये रोज येतो, पण उचलतो बहुतेक मोबाइलच. “मधी लग्न झालं” हे रत्न त्याचंच.

एकदा हाताला लावायचा चॉक संपला. बालाजी म्हणाला, “चॉक कशाला पायजे? गोदामाच्या फटीफटीत हळद हाय!” खरंच आहे, अजूनही झाडलं की पिवळा धूर उठतो. सगळ्यांनी तळहाताला हळद चोळली. बार निसटायचा तो निसटलाच, वर हात पिवळेधमक.

बालाजीला स्थळं बघणं चालू आहे. पिवळ्या हातांनी घरी गेला, तर त्याच्या आईनं दारातच अडवलं. “आमाला न सांगता उरकलंस का रे?”

*

आता लग्नातला किस्सा. हा माझ्या माहेरचा, डोंगरकड्याचा.

आमच्याकडे लग्नात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात. आई पाणी घालत होती, बाबा धूत होते. ह्यांनी सोवळं जरा वर घेतलं आणि आईच्या हातातला तांब्या तसाच थांबला. दोन्ही नडग्यांवर लाल ओरखडे, खपल्या, जुने डाग. डेडलिफ्ट करणाऱ्याच्या नडग्या अशाच असतात, बार घासून घासून. पण आईला हे कोण सांगणार?

ती माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. आमच्या घराण्यातलं कुजबुजणं मांडवाच्या टोकापर्यंत जातं.

“हे काय गं? खरूज-बिरूज तर न्हाई ना?”

गुरुजी मंत्र विसरले. ह्यांनी सोवळं खाली सोडलं.

“लोखंड घासतं गं,” मी म्हटलं.

“लोखंडाचं दुकान हाय का त्यांचं? तू तर जिम म्हन्लीस!”

सासरी आल्यावर शिदोरीचा डबा ह्यांनीच उघडला. लाडवांखाली मलमाची ट्यूब निघाली. ह्यांनी ती दोन्ही बाजूंनी नीट वाचली. “चांगल्या कंपनीचं दिसतंय,” म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. माणूस सभ्य आहे.

पुढं एकदा जेवताना ह्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला बोलावतात जावयाला, तवा बी पाय धुतात का गं?”

“धुतात.”

ते वरण कालवत राहिले. मीही विषय सोडला.

*

बार अडायला लागल्यावर उपाय सुरू झाले. बालाजी रोज मोबाइलमधून नवा उपाय काढायचा. सोमवारी कंबर खाली. मंगळवारी कंबर वर. बुधवारी श्वास पोटात भरून पट्टा आवळायचा. गुरुवारी म्हणे ओढायचंच नाही, पायानं जमीन खाली ढकलायची!

“जमीन ढकलून राहिलो ना!” हे घामाघूम होऊन ओरडले.

मामा दारातून म्हणाले, “जपून ढकल. पलीकडची भिंत आपलीच हाय.”

उस्तादांची पद्धत वेगळी. त्यांनी वजन कमी केलं आणि बार गुडघ्याखाली क्षणभर थांबवून मग उचलायला लावला. थांबायचं जमलं, पण वजन वाढवलं की उचलायचं जमेना. मग प्लेटांखाली विटा रचून बार गुडघ्याच्या वर ठेवला. तिथून तो बसल्या जागेवरून पाहुणा उठावा तसा उठला! म्हणजे खाली ताकद, वर ताकद, आणि मधे मी.

हसायला येतं, पण एक सांगते. हिंगोलीत ह्यांचा बार अडला असता, तर त्याचं नाव डेडलिफ्ट राहिलं नसतं. माझं नाव झालं असतं. असली नावं लवकर पुसत नाहीत.

*

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मनानं फार चांगल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी परस्पर लिंबू-मिरची आणली आणि बाराच्या उजव्या टोकाला बांधली.

उस्ताद आले. बाराकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांना नाही म्हणायची हिंमत मोठमोठ्या पैलवानांतही नाही.

उस्ताद हात जोडून म्हणाले, “भाभी, तुमची श्रद्धा बराबर हाय. फकस्त डाव्या बाजूला बी येक बांधा. न्हाई तर वजन येका अंगाला जाईल!”

आत्याबाईंनी दुसरं लिंबू आणलं. तोलून!

*

एका दुपारी हे मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ बघत बसले होते. बालाजीनं बाजूनं काढलेले. मी मेथी निवडत होते.

“लग्नाआधीचा दाखवा ना,” मी म्हटलं.

“काहून?”

“सहज.”

जुन्या व्हिडिओत बार नडगीला चिकटून वर येत होता, कुकरच्या झाकणाला शिट्टी चिकटावी तसा. नव्या व्हिडिओत बार आणि नडगी यांच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती! तीन-चार बोटं जागा. वजन तेवढंच, पण पुढं लोंबकळणारं. भरलेली घागर कमरेला टेकवून आणणं आणि हात लांब करून आणणं, यात काय फरक आहे ते मी लहानपणापासून जाणते.

उस्ताद नेहमी समोर उभे राहून ओरडतात. त्यांना ती फट दिसणार कशी? बालाजी स्क्रीनवरचे आकडे वाचतो. बाजूनं बघणारी फक्त माझी खिडकी.

मग मी ह्यांच्या पायांकडे पाहिलं. नडग्या एकदम गुळगुळीत. एक खपली नाही. शाळकरी पोरासारख्या!

“बार जरा लांब धरता का हल्ली?” मी विचारलं.

“न्हाई तर,” ते म्हणाले आणि पँट खाली ओढली.

*

दोनशे किलो उचलले गेले, हे आता सगळ्या वसमतला ठाऊक आहे. स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या सरावात, आमच्याच गोदामात. आत्याबाईंनी पेढे वाटले. मामांनी मोंढ्यात सांगितलं, “चार पोती!” कुठं नेली ते सांगितलं नाही. हिंगोलीलाही हे हसत गेले. पण त्या दिवशी गोदामात आधी काय झालं, ते तिथं हजर असलेल्यांनाही अजून नीट कळलेलं नाही. बालाजी तर त्याच्या परीनं रोज नवा अर्थ लावतो.

त्या दिवशी पहिल्या खेपेला बार गुडघ्यापाशी आला, थरथरला आणि धाडकन पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच. हे बाकावर जाऊन बसले, डोक्यावर टॉवेल. उस्ताद प्लेटा पुसत बसले. मामा दारात येऊन उभे राहिले. आत्याबाई लिंबाच्या गाठी तपासत होत्या. बालाजीनं एकदा खिडकीकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

शेवटची खेप. हे उठले, बारापाशी आले. वाकले. मी खिडकीतून बघत होते. बार नडगीपासून तीन-चार बोटं लांब. तसाच, मानानं, दूर.

मी गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच गजांना लावले. आमच्या घराण्यातला आवाज माझ्यातही आहे, हे मला स्वतःला त्या क्षणी कळलं.

“अहो! घासू द्या तो बार नडगीला! मलम हाय आपल्याकडं!”